यादीत आधी कोण? क्रम लावण्याआधी अट लिहायला शिकवूया



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय. विषय संगणकाचा आहे, पण ज्यांचा संगणकाशी फारसा संबंध येत नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. कारण यातली चूक संगणकाची नव्हती, माझी होती, आणि ती मुलांना भोगावी लागली.

नेमकं काय झालं?

सहावी ते आठवीच्या सहा तुकड्या, मिळून सव्वादोनशेच्या आसपास मुलं. प्रथम सत्राचं मूल्यमापन संपलं, वर्गशिक्षकांनी श्रेणी भरून दिल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "सगळ्यात मागे असलेली वीस मुलं काढा, शाळा भरण्याआधी त्यांचा जादा तास घेऊ." मी संगणक शिकवते, त्यामुळे असली कामं आपसूक माझ्याकडे येतात. निकाल मी एका छोट्या डेटाबेसमध्ये ठेवला होता. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. त्यात मी एका ओळीची क्वेरी लिहिली. अर्थ असा की निकाल श्रेणीप्रमाणे उतरत्या क्रमाने लाव आणि वरची वीस नावं दे. माझ्या डोक्यात साधं गणित होतं : 'अ' म्हणजे सुरुवात, 'इ' म्हणजे शेवट, तर उलटा क्रम लावला की 'इ' वर येणार.

यादी आली. छापताना मी श्रेणीचा रकाना मुद्दाम काढून टाकला. चिठ्ठ्या वर्गावर्गात जाणार, मुलं एकमेकांची श्रेणी वाचणार, कुणाला वाईट वाटायला नको, म्हणून. फक्त नाव आणि तुकडी ठेवली. एक वर्गशिक्षिका म्हणाल्यासुद्धा, "अगं, ही मुलगी कशी यात?" मग स्वतःच म्हणाल्या, "संगणकातून आलंय म्हणजे असेल काहीतरी." मीही पुन्हा पाहिलं नाही.

आठ-दहा दिवसांनी सातवीतल्या एका मुलीची आई भेटायला आली. कामावरून थेट आली होती. मोबाइलमध्ये प्रगतिपत्रकाचा फोटो होता. म्हणाली, "बाई, हिला अडुसष्ट टक्के पडलेत. मग ही मागं पडलेल्यांच्या तासाला कशी? ती म्हणते प्रगतिपत्रक खोटं आहे, मला काहीच येत नाही. चार दिवस झाले, घरात धड बोलत नाही."

मी श्रेणीसकट यादी पुन्हा काढली. विसाच्या वीस मुलं 'ब-२' ची होती. म्हणजे ६१ ते ७० टक्क्यांतली, बऱ्यापैकी पुढं असलेली. आणि 'इ-१', 'इ-२' मधलं एकही मूल त्या तासाला आलेलं नव्हतं.

त्यातल्या एका मुलाला मी चिठ्ठी द्यायला गेले तर तो म्हणाला, "बाई, आता काय झालं? आधी तर माझं नाव नव्हतं." यादीत नाव आलं नाही म्हणून त्यानं घरी सांगून टाकलं होतं की या वेळी माझं बरं आहे.

संगणक चुकला का?

नाही. मी जे सांगितलं तेच त्यानं केलं. आपल्या शाळांतल्या श्रेणी वरून खाली अशा येतात : अ-१, अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२, ड, इ-१, इ-२. ९१ ते १०० टक्के म्हणजे अ-१ आणि २० किंवा त्याहून कमी म्हणजे इ-२, हे आपल्याला पाठ आहे. पण संगणकाला ही श्रेणी नाही, अक्षरं दिसतात. आणि वर्णमालेत 'अ' नंतर 'इ' येते, मग 'क', मग 'ड', मग 'ब'. मनातल्या मनात म्हणून बघा : अ, आ, इ, ई, पुढे क-ख-ग, ट-ठ-ड, प-फ-ब. म्हणजे चढत्या क्रमात 'अ' च्या लगेच खाली 'इ' आणि सगळ्यात शेवटी 'ब'. उलटा क्रम लावला की 'ब-२' वर. अगदी बरोबर क्रम होता तो, फक्त आपला नव्हता.

गंमत म्हणजे इंग्रजी श्रेणी असत्या तर ही चूक झालीच नसती, कारण ए, बी, सी, डी, ई हा त्यांच्या वर्णमालेचाच क्रम आहे. आपण 'अ, ब, क, ड, इ' हा क्रम तिथून घेतला आणि अक्षरं मात्र आपली वापरली. रोज वापरतो, त्यामुळे हे कधी लक्षातच येत नाही.

अशी आणखी उदाहरणं आपल्या शाळेतच सापडतील. वेळापत्रक वारांच्या नावाने लावून बघा : गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार. सोमवार सगळ्यात शेवटी! इयत्ता अक्षरी रकान्यात लिहिली असेल तर '१० वी' ही '५ वी' च्या आधी येते, कारण संगणक पहिलं चिन्ह बघतो आणि एक हा पाचाच्या आधीचा. आडनावं घ्या. आपण बालपणापासून 'ह, ळ, क्ष, ज्ञ' म्हणत आलो, पण संगणक ज्या युनिकोड तक्त्यावरून अक्षरं ओळखतो त्यात 'ळ' चं स्थान 'ल' च्या जवळ, 'व' च्या आधी आहे. त्यामुळे साध्या क्रमवारीत 'काळे' आधी आणि 'कावळे' नंतर. आपल्या वर्णमालेप्रमाणे उलट हवं.

जर-तर लिहायची जागा

मग करायचं काय? एसक्यूएलमध्ये यासाठी सोय आहे. क्रम लावायची आज्ञा आहे 'ऑर्डर बाय'. तिच्यापुढे आपण रकान्याचं नाव देतो. पण रकान्याच्या नावाऐवजी तिथे एक अटही लिहिता येते. त्या अटीला 'केस' म्हणतात. मी दुरुस्त केलेली क्वेरी अशी होती (प्रत्यक्षात आज्ञा इंग्रजी लिपीत टंकायची असते, इथे वाचायला सोपं जावं म्हणून उच्चाराप्रमाणे दिली आहे) :

सिलेक्ट नाव, तुकडी, श्रेणी
फ्रॉम निकाल
ऑर्डर बाय
केस श्रेणी
व्हेन 'इ-२' देन १
व्हेन 'इ-१' देन २
व्हेन 'ड' देन ३
व्हेन 'क-२' देन ४
व्हेन 'क-१' देन ५
व्हेन 'ब-२' देन ६
व्हेन 'ब-१' देन ७
व्हेन 'अ-२' देन ८
व्हेन 'अ-१' देन ९
एल्स ०
एंड,
हजेरीचे दिवस

मराठीत वाचूया. निकालाच्या तक्त्यातून नाव, तुकडी आणि श्रेणी दे. क्रम लावताना श्रेणी बघ. ती इ-२ असेल तर त्या ओळीला १ नंबर दे, इ-१ असेल तर २, असं करत अ-१ ला ९. यातलं काहीच नसेल तर शून्य. मग या नंबरांप्रमाणे ओळी लाव. दोघांचा नंबर सारखा आला तर ज्याची हजेरी कमी, तो आधी.

हे नंबर कुठे छापले जात नाहीत. मुलाच्या नावापुढे ते कायमचे चिकटत नाहीत. फक्त रांग लावण्यापुरते मनात धरायचे आणि सोडून द्यायचे. परिपाठाला मुलांना उंचीप्रमाणे उभं करताना आपण असंच करतो की नाही? तसंच हे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. 'केस' वरून खाली वाचली जाते आणि पहिली खरी ठरणारी अट सापडली की पुढचं बघितलं जात नाही. मुलांची नेहमी होणारी चूक म्हणजे पहिली अट लिहितात 'गुण ३३ किंवा जास्त असतील तर उत्तीर्ण' आणि तिच्याखाली 'गुण ७५ किंवा जास्त असतील तर विशेष प्रावीण्य'. मग ९० गुणांचं मूलही पहिल्याच अटीत अडकतं आणि विशेष प्रावीण्य कुणालाच मिळत नाही. अटींचाही एक क्रम असतो, हे त्यांना तेव्हा कळतं.

थोडा इतिहासही सांगते, कारण तो मुलांना आवडतो. एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या गणितज्ञाने १९७० मध्ये एक शोधनिबंध लिहून आजच्या डेटाबेसचा पाया घातला. त्याच्या मांडणीत तक्त्यातल्या ओळींना क्रमच नसतो. तक्ता म्हणजे संच, आणि संचात पहिला-दुसरा काही नसतं. याच मांडणीवरून १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्येच एसक्यूएलचं पहिलं रूप तयार केलं. 'केस' ही सोय १९९२ च्या प्रमाण एसक्यूएलमध्ये आली. आजही तुम्ही 'ऑर्डर बाय' लिहिलं नाही तर ओळी कोणत्या क्रमाने येतील याची हमी डेटाबेस देत नाही. रोज एकसारख्या आल्या तरी तो योगायोग समजायचा.

मला ही कल्पना फार मोलाची वाटते. माहितीला स्वतःचा क्रम नसतो. क्रम आपण लावतो. आणि आपण लावतो म्हणजे त्याची जबाबदारीही आपली.

मतदान यंत्रावरची यादी

हे फक्त संगणकवाल्यांचं खूळ आहे असं वाटत असेल तर मतदान यंत्र आठवा. लोकसभेला किंवा विधानसभेला यंत्रावर उमेदवारांची नावं कोणत्या क्रमाने असतात? सरसकट वर्णानुक्रमे नसतात. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्याचा नियम दिला आहे. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग उरलेले, म्हणजे अपक्ष. आणि प्रत्येक गटाच्या आत वर्णानुक्रम. २०१३ पासून सगळ्यांच्या खाली 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटा.

ही सरळसरळ 'केस' आहे. पक्ष मान्यताप्राप्त असेल तर १, नोंदणीकृत असेल तर २, एरवी ३, आणि नंबर सारखा आला तर नाव. आठवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "मग अपक्षांवर अन्याय नाही का?" असेल किंवा नसेल. त्यावर वर्गात वीस मिनिटं वाद झाला. पण वाद घालता आला, कारण नियम लिहिलेला आहे. कुणीही वाचू शकतं, कुणीही विचारू शकतं की असाच का. माझ्या त्या वीस नावांच्या यादीचा नियम कुठे लिहिलेला होता? माझ्या डोक्यात. आणि तिथेच तो चुकला होता.

जे कुठेच बसत नाही, ते मूल

वरच्या क्वेरीत शेवटी 'एल्स ०' आहे. माझ्या मते सगळ्या क्वेरीत महत्त्वाची ओळ तीच आहे.

'एल्स' म्हणजे एरवी. वरच्या एकाही अटीत जो बसला नाही, त्याचं काय करायचं? असं कोण असतं? परीक्षेला गैरहजर असलेलं मूल, ज्याचा रकाना कोरा आहे. सत्राच्या मध्येच दुसऱ्या गावाहून आलेलं मूल. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं मूल. शिवाय आमच्याच टंकलेखनाचे घोळ : कुणी 'इ-१' मध्ये मराठी आकडा घातला, कुणी इंग्रजी, कुणी ऱ्हस्व 'इ' च्या जागी दीर्घ 'ई' टाकली, कुणी मधली आडवी रेघ विसरलं. आपल्या डोळ्यांना सगळं एकच, संगणकाला मात्र वेगवेगळं.

'एल्स' लिहिलंच नाही तर काय होतं? त्या ओळींना काहीच नंबर मिळत नाही, किंमत 'नल' राहते, म्हणजे कोरी. आणि कोऱ्या किमतीला कुठे ठेवायचं हे प्रत्येक डेटाबेस आपापल्या पद्धतीने ठरवतो. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट चढत्या क्रमात कोऱ्या ओळी आधी ठेवतात, पोस्टग्रेस शेवटी ठेवतो. उतरत्या क्रमात याच्या बरोबर उलट. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये तुम्ही गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी मागितली, तर परीक्षेला न आलेलं मूल पहिल्या नंबरवर दिसतं! हे टाळायचं तर आधी अट लिहायची : गुण कोरे असतील तर १, एरवी ०, आणि त्यानंतर गुण. म्हणजे कोऱ्या ओळी सगळ्यात खाली जातात.

पण त्या खाली जाव्यात का? गुणवत्ता यादी असेल तर हो. जादा तासाची यादी असेल तर अजिबात नको. ज्याची श्रेणीच आपल्याकडे नाही, त्या मुलाकडे सगळ्यात आधी बघायला हवं. म्हणून मी 'एल्स' ला ९९ दिले नाहीत, शून्य दिलं. शून्य म्हणजे सगळ्यात वर. पहिल्यांदा ही यादी काढली तेव्हा वर सात नावं आली. तीन टंकलेखनाच्या चुका निघाल्या. उरलेली चार मुलं अशी होती की ज्यांच्याबद्दल सत्रभर कुणी विचारलंच नव्हतं.

एका आकड्याचा फरक आहे. शून्य की ९९. पण तो ठरवताना आपण त्या मुलांबद्दल काय विचार करतो हे ठरतं.

हजेरीपत्रकाचं काय?

आता जरा अडचणीचं बोलते. अनेक शाळांच्या हजेरीपत्रकात आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. मी शिकले तेव्हाही तसंच होतं, शिकवायला लागले तेव्हाही. मुलगा असेल तर १, एरवी २, मग आडनाव. हीसुद्धा 'केस'च झाली. कुणी लिहिली, कधी लिहिली, का लिहिली, आपण विचारत नाही. संख्या काढायला सोपं जातं असं म्हणतात. पण संख्या मोजायला क्रम लागत नाही, संगणक तर कोणत्याही क्रमातून मोजून देतो. आणि वर्षाचे दोनशे-सव्वादोनशे दिवस, रोज सकाळी, मुली आपलं नाव दुसऱ्या भागात ऐकतात. तोंडी परीक्षेला मुली नंतर, वह्या वाटताना नंतर, गोष्टीची पुस्तकं वाटताना उरतील ती. कुणाच्या मनात वाईट नसतं. यादी तशी आहे म्हणून होतं.

ज्या मुलाला यातल्या कोणत्याच गटात आपलं वाटत नाही, त्याचं तर काय होत असेल! त्याच्यासाठी 'एल्स' सुद्धा कुणी लिहिलेलं नाही.

माझं म्हणणं असं नाही की उद्यापासून सगळं बदला. माझं म्हणणं एवढंच की यादीतला क्रम ही आपोआप उगवलेली गोष्ट नाही. तिच्यामागे एक जर-तर असतं. ते लिहून काढलं की दिसतं, आणि दिसलं की त्याच्यावर बोलता येतं. म्हणून मला वाटतं की अटीने क्रम लावणं हा विषय फक्त अकरावी-बारावीच्या संगणकाच्या पुस्तकातला कोपरा राहू नये. तो सहावी-सातवीपासून, संगणक नसला तरी, शिकवावा.

वर्गात कसं घ्यायचं?

मी आठवीत करून पाहिलेला उपक्रम सांगते. साहित्य म्हणजे जुन्या वह्यांचे पुठ्ठे. त्याची बारा कार्डं करायची. प्रत्येक कार्डावर एका काल्पनिक मुलाची माहिती : घर शाळेपासून किती लांब, हजेरी किती, लहान भावंडं किती, आधी सायकल मिळाली आहे का. एका कार्डावर अंतराची जागा मुद्दाम कोरी ठेवायची. मग वर्गाला सांगायचं, शाळेला पाच सायकली मिळाल्या आहेत, कुणाला आधी द्यायच्या?

दोन गट करायचे. एक गट नियम लिहितो, फक्त 'जर... तर...' अशा वाक्यांत. दुसरा गट संगणक. त्याने काही विचारायचं नाही, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, लिहिलंय तसंच कार्डं लावायची.

पहिल्या गटाने पहिलंच वाक्य लिहिलं : 'जर गरज जास्त असेल तर आधी.' संगणक झालेली मुलं कार्डं हातात धरून बसली. गरज कुठल्या रकान्यात आहे? मग पहिल्या गटाला ठरवावं लागलं की गरज म्हणजे काय. तीन किलोमीटरहून लांब की भावंडाला घेऊन यावं लागतं ते? दोन्ही असेल तर? भांडण झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. शेवटी नियम झाले, कार्डं लागली, आणि एका मुलाच्या हातात एक कार्ड उरलं. "बाई, याचं अंतर लिहिलेलं नाही. हा कुठे ठेवू?"

'एल्स' शिकवायला मला याहून चांगलं वाक्य सापडलेलं नाही.

जे बारावीला एसक्यूएल शिकवतात त्यांना एक सुचवते. 'केस' ची व्याख्या आधी देऊ नका. आधी आपल्या श्रेणींचा तक्ता द्या, साधी 'ऑर्डर बाय' चालवायला सांगा आणि 'अ' च्या खाली 'इ' आलेली मुलांनाच शोधू द्या. वारांचं वेळापत्रक द्या आणि सोमवार वर आणायला सांगा. मग शालेय वर्षाचे महिने द्या, जूनपासून मेपर्यंत. इथे जानेवारीचा आकडा १ आणि जूनचा ६, म्हणून साधा क्रम चालत नाही. हुशार मुलं स्वतःच शोधतात : महिना ६ किंवा पुढचा असेल तर त्यातून ६ वजा करा, नसेल तर ६ मिळवा. मग जून शून्यावर येतो आणि मे अकरावर. बारा 'व्हेन' लिहायची गरजच उरत नाही.

दोन आक्षेप

काही जण म्हणतील, एवढं कशाला, एक्सेलमध्ये स्वतःची यादी देऊन हवा तसा क्रम लावता येतो. बरोबर आहे, येतो. करा की तसं. मुद्दा साधनाचा नाहीच. पण एक्सेलमध्ये क्रम लावून झाला की तो का तसा लागला हे पानावर कुठे उरत नाही. 'केस' लिहिली की नियम शब्दांत राहतो, पुढच्या वर्षी येणाऱ्या शिक्षकालाही तो वाचता येतो.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असेल, आणि तो मला मान्य आहे. प्रत्येक क्वेरीत नऊ-नऊ ओळींची 'केस' लिहित बसलं तर एखाद्या ठिकाणी चूक होणारच, आणि नियम बदलला तर दहा ठिकाणी बदलावा लागेल. म्हणून तोच क्रम वारंवार लागत असेल तर त्याचा एक वेगळा छोटा तक्ता करावा : एका रकान्यात श्रेणी, दुसऱ्यात तिचा नंबर. मग क्वेरीत तो तक्ता जोडून घ्यायचा. नियम एकाच जागी राहतो, आणि मुख्याध्यापकांनाही उघडून बघता येतो. एकदाच लागणाऱ्या किंवा दोन-तीन अटींच्या यादीला मात्र 'केस' पुरते.

पालकांसाठी

पालकहो, शाळेतून, क्लासमधून, प्रवेशाच्या वेळी तुमच्यासमोर सारख्या याद्या येत असतात. आपण आपल्या मुलाचं नाव शोधतो आणि वर आहे की खाली एवढं बघतो. इथून पुढे तीन प्रश्न विचारून बघा. हा क्रम कशावरून लावला? दोघं सारखे असतील तर आधी कोण, आणि का? ज्याची माहितीच नाही त्याला कुठे ठेवलं? हे प्रश्न म्हणजे शिक्षकांवर अविश्वास नाही. त्या सातवीतल्या मुलीच्या आईने विचारलं नसतं तर माझी यादी वर्षभर तशीच चालली असती.

मी आता प्रत्येक यादीच्या डोक्यावर नियम एका वाक्यात छापते : 'कमी श्रेणी आधी, श्रेणी सारखी असल्यास कमी हजेरी आधी, श्रेणी न मिळालेली मुलं सगळ्यात वर.' ही यादी शिक्षकांच्या हातात असते, ती फलकावर लागत नाही. पण ज्याच्या हातात ती पडते त्याला नियम वाचता येतो, आणि खालच्या नावांशी तो जुळत नसेल तर लगेच खटकतं. 'संगणकातून आलंय म्हणजे असेल' हे वाक्य आमच्या शिक्षक खोलीत निदान यादीपुरतं तरी बंद झालंय.

त्या मुलीची मी तिच्या आईसमोर माफी मागितली. ती हसली, पण मला म्हणाली, "बाई, यादीत श्रेणी असती तर मलाच कळलं असतं ना." खरंच होतं ते.

कार्डांचा उपक्रम तुमच्या वर्गात करून बघा. पुठ्ठे, कात्री आणि एक तासिका, एवढंच लागतं. आणि मुलांनी काय नियम केले ते नक्की कळवा.